कृपया डावीकडे बसावे

४ सप्टेंबर
डॉक्टर म्हणाले, रोज लिहून ठेवत जा. कान कधी वाजतो, कधी गच्च होतो, सगळं. म्हणून ही वही. कुणाला दाखवायची नाही. डॉक्टरांनासुद्धा नाही, कारण त्या माणसाचा चेहरा पहिल्या दिवसापासून निराशावादी आहे.

वस्तुस्थिती अशी की उजवा कान जूनपासून बंद आहे. बंद म्हणजे तात्पुरता. दुकानावर पाटी लावतात ना, ‘आतील काम चालू आहे’, तसा. डॉक्टर म्हणतात, ज्या दिवशी गेला त्याच दिवशी यायला हवं होतं, आठवडाभर ॲडमिट व्हायला हवं होतं. पण तेव्हा उन्हाळी भेट-डब्यांचा सीझन होता. मिनोकावा सेंबेई कंपनीचा सेल्स सेक्शन हेड ऐन सीझनला आठवडाभर गायब? तांदळाच्या कुरकुरीत सेंबेई-चकत्या काय आपोआप डब्यात जाऊन बसतात? मी ऑगस्टमध्ये गेलो. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. ऐकू आला नाही, दिसला.

निश्चय: ऑफिसात कुणालाही कळू द्यायचं नाही. एप्रिलमध्ये कुरामोचि साहेब वरच्या मजल्यावर जातील, विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होईल, आणि त्या खुर्चीवर बसण्यासारखा माणूस मला तरी एकच दिसतो.

शिवाय सेइकेचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अकाउंट्सचा सेइके. किडनीचं दुखणं निघालं, आणि बावळटासारखं त्याने खरं सांगितलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी त्याची बदली खोक्यांच्या गोदामात केली, त्याला त्रास नको म्हणून. अजून तिथेच आहे. मीटिंगला बोलवत नाहीत, त्रास नको म्हणून. वर्षअखेरच्या पार्टीलासुद्धा बोलवलं नाही.

११ सप्टेंबर
आज टॅक्सीत गैरसमज झाला. पाहुणे म्हणजे सुपरमार्केटवाल्यांचे संचालक. त्यांना नागाओका स्टेशनवर सोडायला साहेब आणि मी. ड्रायव्हरच्या मागची जागा सर्वांत मानाची, ती पाहुण्यांची, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मी पुढे बसायचं, ड्रायव्हरशेजारी. पण तिथे बसलं की ड्रायव्हर उजवीकडे, मागचे दोघे उजव्या खांद्यामागे, सगळं जग उजवीकडे! एक शब्द कळला नसता.

म्हणून दार उघडल्याबरोबर मीच आधी शिरलो आणि पार पलीकडे, ड्रायव्हरच्या मागे सरकलो. ‘आत सरकायचा त्रास आपल्याला नको’ असं म्हणायची पद्धत आहे, ते म्हणालो. संचालक माझ्या शेजारी बसले. साहेबांना पुढे बसावं लागलं, पाहुण्यांना दिलेला सेंबेईचा डबा मांडीवर घेऊन.

फायदा: पाहुण्यांचा शब्द न् शब्द कळला. साहेब वाटेत काही बोललेच नाहीत, त्यामुळे तिकडून काही निसटायचा प्रश्नच नव्हता.

१२ सप्टेंबर
हागिवारा (माझ्या हाताखालचा, हुशार, जरा जास्तच) म्हणाला, ऑफिसात बोलतायत की त्सुबोई-सान आत्तापासूनच साहेबांच्या जागेवर बसायची प्रॅक्टिस करतायत. म्हणजे लोकांच्या मनात माझं नाव आहे तर.

१९ सप्टेंबर
नवीन वासाबी सेंबेईची चव-मीटिंग. माझी अडचण कुणाला समजणार? सेंबेई चावली की डोक्यात फक्त कुर्रम कुर्रम, बाकी दुनिया गायब. नवा उपाय शोधला: सेंबेई चावायचीच नाही, जिभेवर धरून विरघळवायची. वासाबीमुळे डोळ्यांतून पाणी आलं. साहेबांनी मला काहीतरी विचारलं. मी म्हणालो, ‘प्रश्न मूलभूत आहे. घाईने उत्तर देणं बरोबर नाही.’ सगळे गप्प झाले. हागिवाराने लिहूनही घेतलं.

नंतर कळलं, साहेबांनी विचारलं होतं, चहा अजून हवाय का.

१ ऑक्टोबर
बातमी! नवीन जबाबदारी. कंपनीत ‘मानवी हक्क सल्ला खिडकी’ उघडतेय. भेदभाव, छळ, आजारपणात कामात सवलत, काहीही असो, कामगाराने यायचं, बोलायचं, आपण ऐकायचं. कायद्याने आता ठेवावीच लागते म्हणे. खिडकीवर कोण? मी. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘त्सुबोई-सान कधी कुणाला मधे तोडत नाहीत. पूर्ण ऐकून घेतात. असा माणूस आजकाल मिळतो कुठे?’

टाळ्या. मला भरून आलं. जून महिन्यापासून मी खरोखरच कुणाला मधे तोडलेलं नाही.

९ ऑक्टोबर
खिडकीच्या पोस्टरसाठी माझा फोटो काढला. कानामागे हात धरून, हसतमुख. फोटोग्राफर म्हणाला, उजेड या बाजूने चांगला आहे, उजव्या कानामागे धरा. धरला. वर मजकूर: बोला, आम्ही ऐकतोय.

पोस्टर कॅन्टीनमध्ये, पॅकिंगमध्ये, बाथरूमबाहेर, सगळीकडे लागलं. बरा आलाय फोटो.

२० ऑक्टोबर
बायकोशी, सुमिएशी भांडण. मी मुळा किसत होतो, ती पाठीमागून काहीतरी म्हणाली असावी, कारण मी वळलो तर ती कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, मी आत्ता तुम्हाला चक्क शिवी दिली आणि तुम्ही मुळा किसत राहिलात. मी म्हटलं, मी दुर्लक्ष केलं, संसारात ते करावं लागतं. ती म्हणाली, मशीन लावा कानाला. मी म्हटलं, मशीन म्हातारे लावतात. ती म्हणाली, मग तुम्ही कोण?

या बाईला कंपनीतलं राजकारण कळत नाही.

१४ नोव्हेंबर
खिडकीला पहिलं गिऱ्हाईक! पॅकिंगमधल्या मिझोबेबाई, मिझोबे रित्सु. कंत्राटी, दर मार्चअखेर करार नवा होतो. चाळिशीच्या पुढच्या, घरी म्हातारी आई. गरीब स्वभाव, कधी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

माझी तयारी चोख होती. खुर्ची डाव्या बाजूला लावलेली, भिंतीवर कागद: ‘कृपया डावीकडे बसावे’. पण खोली मिळालीय ती भट्टीच्या मागची. तिथला पंखा कामाच्या वेळात कधी बंद होत नाही. त्यात बाईंच्या तोंडावर मास्क पार डोळ्यांपर्यंत, आणि आवाज मुंगीचा. ‘सकाळी’ कळलं. ‘बोटं’ कळलं. ‘लाइन’ कळलं. बाकी सगळा पंखा.

मास्क काढा म्हणायला हवं होतं का? पण मग त्या विचारणार का, मग मी काय सांगणार, मग ते पॅकिंगभर होणार. शिवाय मला माझी कला अवगत आहे. माणूस थांबला की मान हलवायची. आवाज खाली गेला की भुवया जवळ आणायच्या. डोळे भरले की आपण खाली बघायचं. आणि भुवया उंचावून आपल्याकडे बघत राहिला की म्हणायचं, ‘हो, अगदी.’ त्या पुन्हा पुन्हा तशा बघत होत्या. मी पुन्हा पुन्हा म्हटलं.

शेवटी बाई रडल्या. वाकल्या त्या कपाळ टेबलाला लागेल इतक्या. अहो, अर्धं दुःख बोलून टाकल्यानेच जातं! साहेबांना सांगितलं, विशेष काही नाही, मन मोकळं करायचं होतं त्यांना. साहेब खूश.

६ डिसेंबर
मानवी हक्क सप्ताह. घोषवाक्य स्पर्धेत माझ्या ओळींना पहिलं बक्षीस:

बोला मोकळे
ऐकणारा आहे ना
दार उघडे

बक्षीस म्हणून सेंबेईचा डबा, आपल्याच कंपनीचा. भाषणही मीच केलं. दुखणं असलेल्या माणसाने मागितलं, तर त्याला जमेल तशी कामाची सोय करून देणं हे उपकार नाहीत, कर्तव्य आहे, वगैरे. पुस्तिकेतलंच वाचलं, पण आवाज चांगला लागला. मला स्वतःला तरी छातीत जाणवत होता.

परत येताना पॅकिंगमधून आलो. सगळ्या बायका बेल्टशी उभ्या, एकट्या मिझोबेबाई उंच स्टुलावर बसून काम करतायत. मला बरं वाटलं. लाइनचा इन्चार्ज बानबा, एरवी रेड्यासारखा अंगावर येणारा माणूस, त्याच्यातही माया आहे म्हणायची. त्याला म्हटलं, ‘छान व्यवस्था केलीत हं.’ तो माझ्याकडे बघतच राहिला. कौतुकाची सवय नसते अशा लोकांना.

२६ डिसेंबर
काल वर्षअखेरची पार्टी. बसायच्या चिठ्ठ्या काढल्या, मला साहेबांच्या डावीकडची जागा आली. म्हणजे साहेब माझ्या उजवीकडे. संध्याकाळभर त्यांच्याकडे तोंड वळवून बसलो, मान अवघडली. डावीकडून हागिवारा काहीतरी सांगत होता, आणि गंमत म्हणजे तोही नीट कळत नव्हता. हल्लीची पोरं शब्द खातात.

१० जानेवारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

प्रकरण असं. मिझोबेबाई डिसेंबरपासून रोज तासभर उशिरा येतात. स्टूल घरून आणून त्यावर बसतात. बानबाला विचारलं तर तो म्हणतो, ऑफिसची परवानगी आहे, त्सुबोई-सान स्वतः येऊन ‘छान व्यवस्था’ म्हणून गेले. बाईंना विचारलं तर म्हणतात, मी खिडकीवर सगळं सांगितलं होतं. सांध्यांचा आजार आहे, सकाळी बोटं वळत नाहीत, पाय धरतात, तासाचा पगार कापा पण उशिरा येऊ द्या, आणि बसायला द्या. त्सुबोई-सान हो म्हणाले.

हे सगळं मी आज पहिल्यांदा ऐकलं. साहेबांच्या केबिनमध्ये गालिचा आहे, आवाज घुमत नाही, सगळं स्वच्छ कळलं.

मी म्हटलं, तपासून सांगतो. साहेब म्हणाले, काय तपासता, खिडकीवर तुम्हीच होतात. आता लाइनवरच्या बाकीच्या बायकाही स्टूल मागायला लागल्यात. रीतसर मागणी आमच्याकडे आली असती तर कायद्याने विचार करावा लागला असता. पण बाईंनी मनाने सुरू केलं असेल, तर ती सरळ गैरहजेरी. मार्चमध्ये करार नवा होणार नाही. मग त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

‘तुम्ही परवानगी दिली नव्हतीत, बरोबर ना?’

हा प्रश्न मला पूर्ण ऐकू आला. आणि मी मान हलवली.

सवय. दुसरं काय म्हणणार.

११ जानेवारी
शांत डोक्याने विचार केला. मी खोटं बोललो का? नाही. परवानगी द्यायचा मला अधिकारच नाही, म्हणजे मी ती दिली नव्हती, हे कायद्याने खरंच आहे. फक्त मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे ‘ऐकतोय’, ‘मान्य आहे’ असं नव्हे. हे या देशात जन्मलेल्या प्रत्येकाला कळायला हवं.

तरी जेवण गेलं नाही.

१५ जानेवारी
प्रयत्न केला. बानबाला गाठून हळूच म्हटलं, स्टुलाचं जरा चालवून घ्या ना. तो म्हणाला, ‘मला काय, ऑफिस म्हणेल ते. आधी छान म्हणता, मग काढा म्हणता, आता चालवून घ्या. एकदा काय ते ठरवा तुम्ही लोक.’ स्टूल गेलंय. मिझोबेबाई उभ्या होत्या. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होत्या. मी पाठमोरा होऊन निघालो. त्यांनी पाहिलं असणार.

२२ जानेवारी
सुमिएने धरून डॉक्टरकडे नेलं. काचेच्या पेटीत बसवलं, हेडफोन दिले, आवाज आला की बटण दाबा. मी बराच वेळ वाट बघितली, मशीन सुरूच करत नव्हते. दार उघडलं तर म्हणाले, झाली टेस्ट.

उजवा गेला तो गेला. डावाही निम्मा गेलाय. डॉक्टर म्हणाले, आता तुम्हाला अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र मिळू शकतं, कानाची मशीन घ्या, ऑफिसात सांगा, ते तुमची सोय करायला बांधील आहेत. मला सांगत होते! मी त्यावर भाषण दिलंय.

यांची पेटी बिघडलेली असावी.

घरी आल्यावर सुमिए माझ्यासमोर बसली, माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश म्हणाली, ‘अहो, समोरच्या भाजीवाल्यालासुद्धा माहितेय. कुणापासून लपवताय?’

८ फेब्रुवारी
गाड्यांच्या आवारात मिझोबेबाई माझी वाट बघत उभ्या होत्या. गुडघाभर बर्फ. पंखा नाही, बेल्ट नाही, बर्फात सगळं गप्प असतं. त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढलेला होता. मी पहिल्यांदाच त्यांचं तोंड बघितलं.

‘त्सुबोई-सान, मी थापा मारणारी बाई नाहीये.’

मी म्हटलं, नाही, नाही, प्रक्रिया चालू आहे.

‘मी विचारलं होतं, तासभर उशिरा आले तर चालेल ना. तुम्ही म्हणालात, हो, अगदी. स्टूल मी घरून आणते, कंपनीला खर्च नको, म्हटलं. हो, अगदी. घरी जाऊन आईला सांगितलं मी, आमची कंपनी चांगली आहे गं, उगाच घाबरत होते. आणि आता साहेब म्हणतात, असं काही बोलणं झालंच नाही. मग मी त्या खोलीत कुणाशी बोलत होते?’

मी चक्क म्हणालो, बर्फ फार पडतोय यंदा. त्या गाडीकडे वळल्या. दाराची कडी बोटांनी उघडेना, मनगट घालून ओढायला लागल्या. मी जाऊन दार उघडून दिलं. त्यांनी आभार मानले. मला तिथेच गाडून घ्यावंसं वाटलं.

निश्चय: उद्या साहेबांना सगळं खरं सांगायचं.

९ फेब्रुवारी
साहेब दौऱ्यावर.

१२ फेब्रुवारी
साहेब आले, पण मूड खराब. अशा वेळी सांगितलं तर बाईंचंच नुकसान. त्यांचा विचार करून थांबलो.

१४ फेब्रुवारी
ऑफिसातल्या मुली सगळ्यांना चॉकलेट वाटत होत्या. अशा दिवशी असला विषय काढत नाहीत. माझ्या टेबलावरचं चॉकलेट कुणी ठेवलं, ती काय म्हणाली, काही कळलं नाही.

१८ फेब्रुवारी
असंही असू शकतं की मिझोबेबाईंना दुसरीकडे यापेक्षा चांगली नोकरी मिळेल. बसून करायची. कधी कधी वाईटातून चांगलं होतं. हे सुमिएला बोलून दाखवलं. ती भांडी घासत होती. नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्या डाव्या कानाशी येऊन म्हणाली:

‘नोकरी जाईल म्हणून घाबरताय ना? जाऊ दे गेली तर. तिची तर तुमच्यापायी जातेच आहे.’

आणि नळ पुन्हा सोडला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. काही केल्या ती नजर जाईना.

२५ फेब्रुवारी
सांगितलं!

आरशासमोर तयारी केली होती. शब्द न् शब्द पाठ. केबिनमध्ये साहेब आणि कंपनीचे कायदा सल्लागार, दोघेही होते. बरंच झालं म्हटलं, होऊन जाऊ दे. उभा राहिलो. मी म्हणालो, मला ऐकू येत नाही. जूनपासून एक कान नाही, आता दुसराही जातोय. त्या दिवशी मिझोबेबाई जे बोलल्या त्यातलं मी काही ऐकलं नाही, तरी हो म्हणत राहिलो. त्यांनी रीतसर मागितलं होतं. चूक सर्वस्वी माझी. जी शिक्षा असेल ती मला द्या, त्यांचा करार मोडू नका. शेवटी वाकलो तो वाकूनच राहिलो.

वर बघितलं तर साहेबांच्या डोळ्यांत पाणी. सल्लागार भराभरा लिहीत होते. साहेब उठले, माझे खांदे धरले. काही म्हणाले, ते डोळे पुसत असल्यामुळे ओठ दिसले नाहीत, पण चांगलंच म्हणाले असणार.

आज कितीतरी दिवसांनी भूक लागली. सुमिएने मासळीच्या रश्श्याचं नाबे केलं. मी दोनदा भात घेतला. बाईंचं काम झालं. माझं काय व्हायचं ते होवो.

३ मार्च
निर्णय आला. सल्लागारांनी समोर बसून, तोंड नीट दिसेल असं, हळूहळू समजावून सांगितलं. फार सभ्य माणूस.

माझ्या निवेदनाने मोठी मदत झाली म्हणाले. खिडकीवरच्या माणसाने ऐकलंच नाही, याचा अर्थ मागणी कंपनीपर्यंत पोचलीच नाही. जी मागणी पोचली नाही ती कंपनीने नाकारली असं होत नाही. भेदभावाचा प्रश्नच येत नाही. बाईंची गैरहजेरी मात्र नोंदलेली आहे. करार संपतो आहे तो संपेल.

मी म्हटलं, अहो पण आता मला कळलंय ना! मी सांगतो ना तुम्हाला, आत्ता, इथे! त्यांना सकाळी तासभर हवाय, आणि एक स्टूल हवंय. स्टूलसुद्धा त्यांचंच! सल्लागार म्हणाले, तुमची भावना कळते, पण मागणी ज्याची त्यानेच करायची असते, आणि आता वेळ निघून गेलीय. मी ओरडलो असेन, कारण साहेबांनी हात वर केला.

मग माझा विषय. प्रमाणपत्र लवकर काढा म्हणाले. अपंग कर्मचाऱ्यांच्या कोट्यात कंपनी एका माणसाने कमी पडत होती, दर वर्षी भुर्दंड बसायचा, आता नाही बसणार. माझ्या सोयीसाठी मीटिंगमध्ये उजव्या टोकाची जागा कायम माझी, म्हणजे सगळे डावीकडे येतील. पुढच्या महिन्यात कंपनीच्या मासिकात माझी मुलाखत. विभागप्रमुखाची खुर्ची बाहेरून कुणालातरी आणून देणार, मला ताण नको म्हणून. खिडकी हागिवाराकडे.

मी विचारलं, मी हे कबूलच केलं नसतं तर? सल्लागार म्हणाले, तर प्रकरण अवघड गेलं असतं आम्हाला.

११ मार्च
पॅकिंगमध्ये गेलो. ठरवूनच गेलो. मिझोबेबाईंना सांगायचं होतं की सरकारी कामगार कचेरीत तक्रार करा, मी साक्षीला येतो, कुठेही येतो. बेल्ट चालू होता. मी त्यांच्या शेजारी उभा राहून हे सगळं मोठ्याने सांगितलं. बाकीच्या बायका बघायला लागल्या.

बाईंचे हात थांबले नाहीत. पाकिटं पुढे सरकत होती. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि बोलल्या. बराच वेळ. मास्कच्या आत नुसती हालचाल. डोळे कोरडे होते.

या वेळी मी मान हलवली नाही. म्हटलं, ‘मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगाल का?’

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि तेवढ्यात बानबा हात हलवत आला. लाइन अडतेय, बाहेर व्हा.

काय म्हणाल्या असतील?

२० मार्च
मशीन आलं. दोन्ही कानांना. सुमिएने स्वतः बसवलं. पहिल्यांदा फ्रिजचा आवाज ऐकला, मग स्वतःच्या चपलांचा. मग सुमिए रडत होती तो. उजव्याला फारसा उपयोग नाही, पण डावा जवळजवळ पूर्वीसारखा. इतकं सोपं होतं.

बेल्टपाशी बाई काय म्हणाल्या, तेव्हापासून हा एकच विचार डोक्यात आहे. पॅकिंगमध्ये जाऊन विचारावं तर बाई सुट्टीवर, आईला दवाखान्यात नेलंय. घरी जायचा धीर झाला नाही. शेवटच्या दिवशी त्या ऑफिसात येतीलच, गणवेश परत करायला. तेव्हा विचारायचं. त्या शिव्या देतील, देऊ देत. मी एकही शब्द सोडणार नाही.

३१ मार्च
आल्या. गणवेश धुऊन, इस्त्री करून आणला होता. शेवटच्या दिवशी सगळ्यांना खाऊ वाटायची रीत, ती त्यांनी पाळली. प्रत्येक टेबलापाशी थांबत होत्या. हागिवाराला म्हणाल्या, सांभाळून घेतलंत. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाल्या, केस छान कापलेस. आईला आता बरं आहे म्हणाल्या. पाचव्या टेबलावरचं बोलणं मला माझ्या टेबलावर कळत होतं.

माझ्यापाशी आल्या. मास्क नव्हता. खाऊचं पाकीट दोन्ही मनगटांत धरून ठेवलं. वाकल्या. मी उठलो, खुर्ची मागे पडली.

मी म्हणालो, ‘त्या दिवशी बेल्टपाशी तुम्ही काहीतरी म्हणालात. मला आता ऐकू येतं. सांगा ना.’

त्यांनी माझ्या कानातल्या मशीनकडे बघितलं. जरा हसल्यासुद्धा.

‘राहू दे, त्सुबोई-सान. काही विशेष नव्हतं.’

अगदी स्पष्ट ऐकू आलं.